माणूस, म्हैस आणि माड: तपासण्यांबद्दल परत परत येणारे प्रश्न

मी बरीच वर्षं लॅबमध्ये रक्त, थुंकी, लघवी बघण्यात काढली आणि आता गोव्यात फोंड्याकडे घरचं कुळागर, म्हणजे पोफळी-माडांची बाग, सांभाळतो, त्यामुळे माझ्याकडे दोन्हीकडचे प्रश्न येतात. सकाळी कोणी शुगरचा रिपोर्ट पाठवतं, दुपारी कोणी सुकलेल्या वांग्याचा फोटो, आणि विचारायचं असतं एकच, "हे खरं मानायचं का?" एकेकाला टाईप करून बोटं दुखली म्हणून सगळं इथं एकदाच लिहितोय. नंबर दिलेत, कारण बरेच प्रश्न एकमेकांत अडकलेले आहेत. औषध काय घ्यायचं ते मला विचारू नका, ते डॉक्टर आणि गुरांचे डॉक्टर सांगतील.

१. स्क्रीनिंग म्हणजे नेमकं काय हो? साध्या टेस्टपेक्षा वेगळं काय त्यात?

तांदूळ पाखडताना एकेक दाणा कोण तपासत नाही. सूप हलवलं की कोंडा पुढे जातो, त्याच्यासोबत चार बरे दाणेही जातात, ते मग हाताने निवडून परत घ्यायचे. पाखडणं म्हणजे स्क्रीनिंग आणि निवडणं म्हणजे डायग्नोसिस, एवढं डोक्यात ठेवलं तर अर्धे प्रश्न सुटतात. दुसरी गोष्ट, स्क्रीनिंग ज्याला काहीच होत नाहीये त्याचं करतात. तीन आठवडे खोकताय आणि थुंकी तपासली तर ते स्क्रीनिंग नव्हे, तो तुमच्या तक्रारीचा तपास झाला. शेतातही तसंच. एक गाय दूध देईना म्हणून तिला बघणं वेगळं आणि गोठ्यातल्या सगळ्या चांगल्या दिसणाऱ्या गायींचं दूध महिन्यातून एकदा तपासणं वेगळं. भाताचं बी पेरायच्या आधी मिठाच्या ३ टक्के पाण्यात टाकतात ना, म्हणजे १० लिटरला ३०० ग्रॅम मीठ, तेही स्क्रीनिंगच. पोचट आणि रोगट हलकं बी वर तरंगतं ते काढायचं, खाली बसलेलं दोनतीनदा साध्या पाण्याने धुवून घ्यायचं.

२. सेन्सिटिव्हिटी आणि स्पेसिफिसिटी, दोन्ही शब्द रिपोर्टवर वाचतो पण दरवेळी उलटसुलट होतं.

माझंही व्हायचं. राखणीचा कुत्रा डोळ्यासमोर आणा. एक कुत्रा अंगणात पाऊल टाकणाऱ्या प्रत्येकावर भुंकतो, चोर कधी सुटत नाही पण रोज पहाटे पोदेर, म्हणजे पाववाला, भोंगा वाजवत आला की त्याच्यावरही तुटून पडतो. त्याची सेन्सिटिव्हिटी भारी, स्पेसिफिसिटी शून्याला आलेली. दुसरा कुत्रा पोदेराला, पोस्टमनला, शेजाऱ्याला ओळखतो, उगाच भुंकत नाही, पण ओळखीचा चोर आला तर शेपूट हलवतो. म्हणजे आजारी असलेल्यांपैकी किती पकडले ती सेन्सिटिव्हिटी आणि निरोगी असलेल्यांपैकी किती जणांना बरोबर सोडलं ती स्पेसिफिसिटी. बहुतेक टेस्टमध्ये एक वाढवायला गेलं की दुसरी कमी होते, कारण रेघ कुठे मारायची ते माणूस ठरवतो. पहिल्या चाळणीला भुंकणारा कुत्रा परवडतो, नंतरच्या पक्क्या टेस्टला ओळखणारा लागतो.

३. टेस्ट ९५ टक्के बरोबर आहे म्हणतात, मग माझी पॉझिटिव्ह आली म्हणजे ९५ टक्के मला आजार आहेच ना?

नाही! ह्या एका प्रश्नासाठीच खरं तर हे सगळं लिहायला घेतलं.

समजा १००० माणसं आहेत आणि त्यातल्या १० जणांना आजार आहे, म्हणजे १ टक्का. टेस्टची सेन्सिटिव्हिटी ९० आणि स्पेसिफिसिटी ९५. दहातले ९ सापडले, छान. पण उरलेल्या ९९० निरोगी लोकांतले ५ टक्के, म्हणजे साधारण ५० जण, उगाच पॉझिटिव्ह येणार. एकूण ५९ पॉझिटिव्ह आणि त्यात खरे आजारी फक्त ९, म्हणजे १५ टक्के. आता तीच टेस्ट, तेच किट, तोच टेक्निशियन, फक्त अशा गटात करा जिथं २० टक्के लोकांना आजार आहे. २०० आजाऱ्यांतले १८० सापडले, ८०० निरोग्यांतले ४० उगाच आले, म्हणजे २२० पॉझिटिव्हमध्ये १८० खरे, ८२ टक्के. किट बदललं नाही तरी पॉझिटिव्ह शब्दाचा अर्थ बदलला.

म्हणून मी आधी विचारतो की ही टेस्ट केली कुणाची आणि का. आपल्याकडे डायबेटिसचं उदाहरण घ्या, आयसीएमआरच्या २०२३ मध्ये छापून आलेल्या देशभरच्या पाहणीत गोवा सगळ्यात वर होता, २६.४ टक्के. इथं पन्नाशीच्या माणसाची शुगर जास्त आली तर "मशीन चुकलं असेल" म्हणून सोडून देण्यात काही अर्थ नाही. तेच शंभरात नाही, हजारात एखाद्याला होणाऱ्या आजाराची टेस्ट कोणी हौसेने केली आणि पॉझिटिव्ह आली तर झोप उडवून घ्यायच्या आधी दुसरी, वेगळ्या पद्धतीची टेस्ट करायची. गुरांना आणि झाडांनाही हाच हिशेब लागतो, फरक एवढाच की तिथं चुकीच्या पॉझिटिव्हवर गाय विकली जाते किंवा झाड तोडलं जातं आणि ते परत येत नाही.

४. निगेटिव्ह आलं म्हणजे सुटलो ना मी?

कधी केली त्यावर आहे. डेंग्यूचं एनएस१, म्हणजे विषाणूचंच प्रोटीन, पहिल्या चारपाच दिवसांत सापडतं, आयजीएम, म्हणजे शरीराने बनवलेल्या ॲन्टीबॉडीज, पाचव्या दिवसानंतर. सहाव्या दिवशी फक्त एनएस१ करून निगेटिव्ह आलं म्हणून डेंग्यू नाही म्हणणारे मी खूप बघितलेत, आणि पहिल्याच दिवशी फक्त आयजीएम करणारे पण. एचआयव्हीलाही लागण झाल्यावर काही आठवड्यांचा काळ असतो जेव्हा टेस्ट काहीच दाखवत नाही. झाडांनाही हा काळ असतो, केळीत विषाणू शिरल्यावर लक्षण दिसायला वेळ लागतो आणि तोवर तुम्ही त्याचेच मुनवे काढून तीन शेजाऱ्यांना वाटलेले असतात (प्रश्न १५).

५. चवथीला लॅबवाले ऑफर देतात, ७० टेस्ट एकदम, स्वस्तात. घेऊ का पॅकेज?

मी नाही घेत.

कारण सांगतो. लॅबची नॉर्मल रेंज म्हणजे निरोगी लोकांपैकी मधले ९५ टक्के जिथं बसतात ती रेंज, म्हणजे ठणठणीत माणसाची पण प्रत्येक टेस्ट बाहेर जायची ५ टक्के शक्यता. टेस्ट एकमेकांशी बांधलेल्या नाहीत असं धरलं तर २० टेस्ट केल्यावर सगळ्या नॉर्मल यायची शक्यता ३६ टक्केच उरते. ७० केल्या तर एखादा तरी बाण वर किंवा खाली येणारच, आणि मग त्या बाणामागे सोनोग्राफी, मग स्पेशालिस्ट, मग परत रक्त.

आमच्याच घरात झालं हे. बायकोने मैत्रिणींसोबत असलं एक पॅकेज घेतलं, रक्त घरी येऊन नेलं, मुलगा ते स्कूटरच्या डब्यात घालून दुपारभर गावं फिरला असणार, संध्याकाळी रिपोर्ट, पोटॅशियम ६.१. मी इतकी वर्षं लॅबमध्ये काढलेला माणूस, तरी हात थरथरले कारण एवढं पोटॅशियम हृदयाला धोक्याचं. धावत हॉस्पिटल, ईसीजी नॉर्मल, तिथं ताजं रक्त घेतलं तर ४.३. रक्तपेशी फुटल्या की आतलं पोटॅशियम बाहेर येतं आणि आकडा चढतो, पहिल्या वर्षाला शिकवतात हे, पण त्या रात्री आठवलं कुठं. रिपोर्टच्या खाली बारीक अक्षरात "सॅम्पल हिमोलाइज्ड" लिहिलेलं होतं, ते दुसऱ्या दिवशी दिसलं.

६. मग तिशीनंतर काय काय चेक करावं? सरकारी आरोग्य केंद्रात फुकट होतं म्हणतात.

होतं, आणि यादी छोटी आहे म्हणूनच ती चांगली आहे. बीपी, शुगर, तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख, तीस वर्षांवरच्यांसाठी. शुगरला बोटातून काढलेल्या रक्ताचा आकडा ही फक्त चाळणी आहे, पक्कं करायला उपाशीपोटी १२६ किंवा एचबीएवनसी (दोनतीन महिन्यांची सरासरी शुगर) ६.५ लागतं. त्यात पण एक खोच आहे, अंगात रक्त कमी असेल किंवा सिकल सेलसारखं काही असेल तर एचबीएवनसी चुकतं, तेव्हा उपाशी आणि जेवणानंतरची शुगरच बघायची. तोंडात पांढरा चट्टा, न भरणारं तोंड आलेलं, जबडा कमी उघडणं, हे तंबाखू खाणाऱ्यांनी आरशात स्वतःच बघावं.

गर्भाशयमुखाची तपासणी म्हणजे बायकांना वाटतं मोठं काहीतरी, पण व्हीआयए नावाची पद्धत अगदी साधी आहे. पातळ ॲसेटिक ॲसिड, म्हणजे व्हिनेगरच समजा, कापसाने लावायचं, मिनिटभर थांबायचं आणि पांढरा डाग उमटतो का बघायचं. टाटा हॉस्पिटलने मुंबईच्या वस्त्यांमध्ये दहावी शिकलेल्या बायकांना ट्रेनिंग देऊन हे केलं आणि २०१४ मध्ये आकडे आले की ह्या कॅन्सरने होणारे मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी झाले. त्याआधी उस्मानाबाद (आताचं धाराशिव) जिल्ह्यात एचपीव्ही, म्हणजे हा कॅन्सर करणाऱ्या विषाणूची, टेस्ट एकदाच करून मृत्यू निम्म्यावर आलेले, तो अभ्यास २००९ चा. मोठी मशीनं, एसी बिल्डिंग ह्यातलं काही नव्हतं तिथं.

७. मम्मी ४२ ची आहे, मॅमोग्राफी करून घेऊ की नर्स हाताने बघते ते पुरे?

गाठ लागत असेल, निपलमधून रक्त येत असेल तर ते स्क्रीनिंग राहिलंच नाही (प्रश्न १), सरळ डॉक्टर. काही तक्रार नसेल तर मुंबईचाच दुसरा मोठा अभ्यास बघा, १९९८ ला सुरू होऊन वीस वर्षं चालला, दर दोन वर्षांनी ट्रेनिंग घेतलेल्या बाईने हाताने तपासायचं. पन्नाशीवरच्या बायकांत मृत्यू जवळजवळ ३० टक्के कमी झाले, त्याखालच्या वयात तसा फायदा दिसला नाही. चाळिशीत स्तन दाट असतो, मॅमोग्राफीत गाठ लपते आणि उगाचच्या पॉझिटिव्हही जास्त. आई-मावशीला झाला असेल तर हिशेब वेगळा, तेव्हा मात्र वय बघत बसू नका.

८. लवकर सापडलं तर माणूस वाचतोच, मग जेवढं लवकर तेवढं बरं नाही का?

नेहमी नाही. समजा एक माणूस ७० व्या वर्षी कॅन्सरने जाणार आहे. लक्षणं दिसून ६८ ला सापडला तर लोक म्हणतात दोन वर्षं जगला, स्क्रीनिंगने ६२ ला सापडला तर म्हणतात आठ वर्षं जगला, वा! पण गेला तो ७० लाच, फक्त सहा वर्षं जास्त पेशंट म्हणून काढली. म्हणून "पाच वर्षं जगलेले" असले आकडे दाखवून कोणी टेस्ट विकत असेल तर विचारा की मेलेल्यांचा आकडा कमी झाला का.

दक्षिण कोरियात तर कमालच झाली. १९९९ मध्ये सरकारने कॅन्सर तपासणी सुरू केली, दवाखान्यांनी थोड्या पैशात गळ्याची सोनोग्राफी जोडून दिली, आणि २०११ पर्यंत थायरॉइड कॅन्सरचं प्रमाण १९९३ च्या १५ पट झालं. मृत्यू? तेवढेच. म्हणजे हजारो लोकांच्या गळ्यातली जी गाठ आयुष्यभर गप्प बसली असती ती काढली आणि त्यांना कायमची गोळी लागली. विल्सन आणि युंगनर ह्या दोघांनी जागतिक आरोग्य संघटनेसाठी १९६८ मध्येच लिहून ठेवलं होतं की आजार महत्त्वाचा हवा, त्यावर उपाय हवा, लपलेली अवस्था ओळखता यायला हवी, आणि सापडल्यावर पुढे काय ते आधी ठरलेलं हवं. शेवटची अट सगळे विसरतात.

९. बाळाच्या टाचेतून रक्त घेतात ते कशाला? जन्मल्या जन्मल्याच का नाही घेत?

थायरॉइड जन्मतः कमी असेल तर बाळ दिसायला एकदम छान असतं आणि काही महिन्यांनी कळतं तोवर मेंदूचं नुकसान झालेलं. वेळेत गोळी दिली तर मूल नॉर्मल वाढतं, म्हणजे वर सांगितलेल्या सगळ्या अटी इथं बसतात. गोव्याने २००८ मध्ये सरकारी पातळीवर हे सुरू केलं तेव्हा देशात फार कुठे नव्हतं. जन्मताच का नाही, तर जन्माच्या धक्क्याने बाळाचं टीएसएच (थायरॉइडला चालना देणारं हार्मोन, टेस्टमध्ये हेच बघतात) पहिल्या दिवशी आपोआप चढतं आणि उगाच पॉझिटिव्ह येतं, आणि काही आजारांत बाळाने दूध प्यायल्याशिवाय रक्तात काही साचतच नाही. म्हणून साधारण ४८ ते ७२ तासांत. लवकर डिस्चार्ज घेणार असाल तर नर्सला आठवण करा, तिथंच सुटतं.

१०. बांधकामावरच्या मजुराला हेल्थ कार्डसाठी मलेरियाची किट टेस्ट केली, पॉझिटिव्ह. तो म्हणतो पंधरा दिवसांपूर्वीच औषध घेतलं. खोटं बोलतोय का?

बहुतेक खरं बोलतोय. फाल्सिपॅरम ह्या मलेरियाच्या प्रकाराची किट जे प्रोटीन पकडते ते परोपजीवी मेल्यावरही दोनचार आठवडे रक्तात फिरत असतं, त्यामुळे बरा झालेला माणूस पॉझिटिव्ह दाखवतो. काचपट्टीवर रक्त घेऊन मायक्रोस्कोपखाली बघा, तिथं जिवंत आहेत की नाही कळतं. आणि मजुराला दोष देण्याआधी साईटवरची पाण्याची टाकी उघडून बघा, आपल्याकडे बांधकामावरच्या साठलेल्या स्वच्छ पाण्यातच तो डास वाढतो.

११. काजूच्या बागेत वानर मेलेलं दिसलं. माकडतापाची टेस्ट आम्ही सगळ्यांनी करायची का?

ताप नसेल तर नाही. पण मेलेलं वानर हीच खरं तर टेस्ट आहे, जंगलाने तुमच्यासाठी फुकटात करून दिलेली. क्यासनूर जंगलात, शिमोग्याकडे, १९५७ ला हा आजार ओळखला तोच माकडं मरायला लागली म्हणून. सत्तरीत पाली गावात २०१५ ला काजूच्या हंगामात लोक तापाने पडले ते अजून सगळ्यांना आठवतंय. माकड मेलं की अंगावरच्या गोचिडी खाली उतरतात आणि तेवढी जागा धोक्याची होते. हात लावू नका, पुरू नका, काठीने ढकलू पण नका, आरोग्य केंद्राला आणि वनखात्याला कळवा, ते सॅम्पल नेतात आणि आजूबाजूला गोचीड मारायची पावडर मारतात.

बोंडू वेचायला गेलेल्याला नंतर ताप, अंगदुखी, डोकं फुटेल असं दुखणं सुरू झालं तर डॉक्टरला "मी काजूत होतो" हे आधी सांगायचं. पहिल्या आठवड्यात पीसीआर, त्यानंतर आयजीएम एलायझा, डेंग्यूसारखंच गणित (प्रश्न ४). डेंग्यू निगेटिव्ह आला म्हणून घरी झोपून राहू नका.

१२. खोकला नाही काही नाही, तरी टीबीच्या गाडीत एक्सरे काढायला बोलावतात. कशाला?

कारण खोकल्यावर विसंबून राहिलो तर निम्मे सुटतात. २०१९ ते २१ मध्ये देशभर जी टीबीची पाहणी झाली त्यात सापडलेल्यांपैकी ४२.६ टक्के लोक एक्सरे काढला नसता तर हुकले असते, त्यांना लक्षणंच नव्हती. एक्सरे भुंकणारा कुत्रा आहे, जुना व्रण दिसला तरी भुंकतो, म्हणून त्यावर कोणी लगेच औषध सुरू करत नाही, थुंकीची ट्रूनॅट किंवा सीबीनॅट, म्हणजे टीबीच्या जंतूची जनुकं शोधणारी टेस्ट, करतात. ट्रूनॅट आपल्या वेर्णेच्या कंपनीचं, बॅटरीवर चालतं, तासाभरात उत्तर देतं, आणि जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये त्याला मान्यता दिली. आपल्याकडे लोकांना हे माहीतच नसतं, सांगितलं तर "आमच्या वेर्ण्यात?" म्हणून बघत राहतात.

१३. गाईला दगडी (कासेची सूज) झालीय का ते घरी कळतं का? दूध तर नीट दिसतंय.

कळतं, आणि दूध नीट दिसतं तेव्हाच करायचं, दुधात गाठी आल्यावर ते माझी आजी पण सांगेल. चार वाट्यांचं पॅडल मिळतं, प्रत्येक सडाचं थोडं दूध वेगळ्या वाटीत, तेवढंच सीएमटी नावाच्या दगडीच्या टेस्टचं जांभळं औषध, आणि दहा सेकंद गोल फिरवायचं. चांगलं दूध पाण्यासारखं फिरत राहतं, आजारी सडाचं दूध शेंबडासारखं घट्ट होऊन मधे गोळा होतं. औषध नसेल तर कपड्याच्या पावडरचं ३ टक्के पाणी वापरूनही तसंच दिसतं, फक्त ते दूध लगेच फेकायचं आणि वाट्या धुवायच्या.

अपवाद दोन. नुकत्याच व्यायलेल्या गाईचा खरवस आणि आटत आलेल्या गाईचं दूध, दोन्ही आजार नसताना घट्ट होतात. चारही सड सारखेच घट्ट झाले तर आधी हे आठवा, एकच सड वेगळा वागला तर मात्र दगडी.

१४. वासरीला ब्रुसेलाची (गाभ पाडणाऱ्या जिवाणूची) लस दिलेली, आता मोठी झाल्यावर रक्त तपासलं तर पॉझिटिव्ह. विकून टाकू का?

थांबा हो! एस-१९ लस चार ते आठ महिन्यांच्या वासरींना देतात आणि तिच्या ॲन्टीबॉडीज काही जनावरांत रेंगाळतात. रोझ बेंगाल ह्या रक्ताच्या टेस्टला लस आणि लागण ह्यातला फरक कळत नाही. लस कधी दिली, कानातला बिल्ला नंबर काय, ते घेऊन गुरांच्या डॉक्टरकडे जा, ते दुसरी टेस्ट किंवा काही आठवड्यांनी परत रक्त करतील. पायलाग म्हणजे लाळ्या-खुरकुताला ह्यावर तोडगा निघालाय, तिथली एनएसपी एलायझा फक्त खऱ्या विषाणूने आजारी पडलेल्याला पकडते, शुद्ध लस घेतलेल्याला नाही.

अख्ख्या गोठ्याची चाळणी करायची तर कॅनमधल्या एकत्र दुधाची रिंग टेस्ट स्वस्त पडते, सायीचा थर निळा झाला तर गोठ्यात कोणीतरी आहे. दगडीच्या आणि खरवसाच्या दुधाने तीही फसते. गाईच्या टीबीची टेस्ट मानेच्या कातडीत टोचून बरोबर ७२ तासांनी जाडी मोजतात, ४ मिलीमीटर किंवा जास्त वाढली तर पॉझिटिव्ह, पण नुकती व्यायलेली गाय आजारी असून शांत बसू शकते. आणि गाभडलेल्या गाईचा वार उघड्या हाताने काढू नका, ब्रुसेला माणसाला होतो आणि महिनोन्महिने ताप येत राहतो.

१५. टिश्यू कल्चरची केळी घेतली, सर्टिफिकेट पण आहे, तरी पर्णगुच्छ (पानांचा झुबका करणारा विषाणूचा रोग) आला. फसवलं का?

असेलच असं नाही. सर्टिफिकेटचा अर्थ लॅबमधून निघताना त्या बॅचमध्ये ठरावीक विषाणू सापडले नाहीत, केंद्राची ही पद्धत २००६ पासून आहे. पण तुमच्या बागेत काळा मावा असेल आणि शेजाऱ्याच्या भाटात जुनं रोगट बेट असेल तर मावा महिन्याभरात विषाणू आणून सोडतो. ओळखायला पानांचा झुबका व्हायची वाट बघू नका. कोवळ्या पानाचा देठ उजेडात धरा, मागच्या बाजूला गडद हिरव्या तुटक रेघा आणि ठिपके दिसतात, पूर्वीच्या तारेतल्या कट्ट-कडकट्टसारखे. दिसलं की आधी माव्यावर फवारा, मग बेट मुळासकट काढा. उलटं केलं तर मावा उडून पुढच्या झाडावर जातो. मी पहिल्यांदा उलटंच केलं होतं आणि सालदाटी केळीची एक पूर्ण ओळ गेली.

१६. वांगी सकाळी टवटवीत, दुपारी माना टाकलेल्या, पाणी तर भरपूर. बुरशी की काय?

चाकू आणि काचेचा ग्लास घ्या. जमिनीजवळचा खोडाचा वीतभर तुकडा कापा, ग्लासात स्वच्छ पाणी, तुकडा वरून असा धरा की फक्त कापलेलं टोक पाण्यात बुडेल, आणि हलवू नका. मागे काळा कागद किंवा शर्ट धरला तर उत्तम. जिवाणूजन्य मर असेल तर दोनतीन मिनिटांत टोकातून दुधासारखी बारीक तार खाली उतरते, उदबत्तीचा धूर उलटा खाली जावा तशी. पहिल्यांदा बघताना अंगावर काटा येतो, ते सगळे जिवाणू. तार नाही आली तर बुरशीची मर, सूत्रकृमी किंवा पाणी साठलेलं असेल, ते वेगळं शोधायचं.

तार आली तर फवारणीचे पैसे वाचवा, कारण ह्यावर फवारायला काही नाही. झाड मातीसकट काढा, त्या वाफ्यात दोनतीन वर्षं वांगी, टोमॅटो, मिरची नको, भात घ्या. जुने गोव्यात एल्याला आयसीएआरची संस्था आहे त्यांनी ही मर सहन करणाऱ्या वांग्याच्या जाती काढल्यात, विचारा.

१७. कोळंबीचं बी पीसीआर करून घ्यायचं तर किती पिल्लं पाठवू? एक लाख आहेत, १० पुरतील?

नाही पुरणार. सोपा नियम असा की ३ भागिले सॅम्पलची संख्या. १५० पिल्लं तपासून सगळी निगेटिव्ह आली तर ९५ टक्के खात्रीने म्हणता येतं की लागण २ टक्क्यांच्या वर नाही. ६० तपासली तर ५ टक्क्यांच्या वर नाही. १० तपासली तर ३० टक्क्यांपर्यंत काहीही असू शकतं, म्हणजे पैसे पाण्यात, खरंच. गंमत म्हणजे टाकीत एक लाख आहेत की दहा लाख ह्याने फार फरक पडत नाही, पण पिल्लं टाकीच्या सगळ्या कोपऱ्यांतून घ्यायला हवीत, वरची चपळ तेवढी घेतली तर आजारी खालीच राहतात. आणि बी स्वच्छ असलं तरी खाजनातल्या (खाडीकाठच्या शेतातल्या) मानशीतून, म्हणजे पाण्याच्या दारातून, कुर्ल्या आत येतात, पांढऱ्या ठिपक्यांचा विषाणू त्या घेऊन फिरतात.

१८. दहा जणांचं रक्त एकत्र करून एकच टेस्ट? असं पण करतात का खरंच?

करतात. रॉबर्ट डॉर्फमनने १९४३ मध्ये अमेरिकन सैन्यात भरती होणाऱ्यांची सिफिलिसची तपासणी स्वस्तात कशी होईल म्हणून हे मांडलं. १०० जणांत एकच आजारी असेल तर दहादहाचे १० गट, एक गट पॉझिटिव्ह, त्यातले १० परत, म्हणजे १०० च्या जागी २० टेस्ट. कोविडमध्ये आयसीएमआरने पाचपाचचे गट करू दिले ते पण मुख्यतः जिथं लागण २ टक्क्यांखाली होती तिथं. लागण २० टक्के असेल तर दहाचा जवळजवळ प्रत्येक गट पॉझिटिव्ह येतो आणि टेस्ट काही वाचत नाहीत. १५० पिल्लांचंही असंच एकत्र वाटून करतात (प्रश्न १७), कॅनमधलं दूध हाच प्रकार (प्रश्न १४).

१९. फोनवर पानाचा फोटो टाकला की ॲप रोग सांगतं. पोफळीला "पिवळं पान" सांगितलं.

ॲप फोटोतला रंग बघतं, मुळं नाही. पोफळ पिवळी पडायला साठलेलं पाणी पुरतं, खत कमी पुरतं, उन्हाचा चटका पुरतो, आणि खरा पिवळ्या पानाचा रोग फायटोप्लाझ्मा ह्या जिवाणूसारख्या जंतूचा, तो पीसीआरशिवाय पक्का होत नाही. आधी पाट मोकळा करा, महिना थांबा. झाड तोडायचा सल्ला फोनवरून घेऊ नका.

२०. ताप आला की विडाल (रक्तातल्या ॲन्टीबॉडीज बघणारी टेस्ट) करतात, ते टायफॉइडचं स्क्रीनिंगच ना?

नाही. जुनी लागण, जुनी लस, दुसरेच ताप, कशानेही चढतं. टायफॉइड पक्का करायचा तर अँटिबायोटिक घ्यायच्या आधी ब्लड कल्चर.

२१. दोन लॅबचे दोन रिपोर्ट, एक पॉझिटिव्ह एक निगेटिव्ह. तिसरीकडे करून दोन विरुद्ध एक असं धरू का?

मतदान नाही हे. तीच टेस्ट तिसऱ्यांदा केली तर तीच चूक तिसऱ्यांदा होऊ शकते. एचआयव्हीला आपल्याकडे लक्षणं नसलेल्या माणसाला पॉझिटिव्ह सांगायच्या आधी तीन टेस्ट करतात पण तिन्ही वेगळ्या तत्त्वावरच्या, पहिली सगळ्यात जास्त भुंकणारी आणि पुढच्या ओळखून भुंकणाऱ्या. तसं करा, दुसरी पद्धत वापरा. त्याआधी दोन्ही रिपोर्टवर सॅम्पलची तारीख, वेळ आणि पद्धत बघा, अर्ध्या वेळा भांडण तिथंच मिटतं, एक उपाशीपोटी आणि एक भाजी-पाव खाऊन केलेला निघतो.

२२. रिपोर्टचा फोटो पाठवला तर बघून सांगाल का?

बघेन, पण नुसता आकडा कापून पाठवू नका, पूर्ण पान पाठवा. सोबत वय, टेस्ट का केली, ताप किती दिवसांचा, औषध चालू आहे का, आणि गाय असेल तर व्याली कधी. वांग्याचा फोटो नको, ग्लासाचा पाठवा. दुपारी एक ते चार मी झोपलेला असतो.